तेल तापेपर्यंत

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरलीने हसत हसत विचारलं, "आजी, आजोबांनी आत्याच्या रेसच्या गाडीचं इंजिन उडवलं होतं ना? बाबा सांगत होते." मी विषय बदलला, कारण फोन स्पीकरवर होता आणि आजोबा शेजारीच बसले होते. तू आता तिकडे गाडी शिकते आहेस, म्हणजे घरात गाड्यांच्या गोष्टी निघणारच. पण ही गोष्ट समुद्रापलीकडे पोचेपर्यंत वाकडी झाली आहे. इंजिन उडालं नव्हतं. जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे, आणि ते नीट क्रमाने लिहून ठेवावं असं मला वाटलं. थोरलीने धाकट्याला वाचून दाखवावं. अडेल तिथे बाबांना विचारावं, म्हणजे त्यांचंही एकदा पूर्ण वाचून होईल.

तुमचे आजोबा मोहन्याच्या कारखान्यात बॉयलर हाउसला इंजिनिअर होते. तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहत होतो. मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि ते स्कूटरने कल्याणवरून मोहन्याला जात. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती मोठ्या नळांतून कारखानाभर जाते, एवढं तुम्हाला समजलं तरी पुरे. पण नळ थंड असेल तर त्यात एकदम वाफ सोडायची नसते. थंड लोखंडाला लागून वाफेचं पाणी होतं, मागून येणारी वाफ ते पाणी ढकलते, आणि ते पुढच्या वळणावर घण घातल्यासारखं आदळतं. म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडून थांबायचं, साचलेलं पाणी खालून काढून टाकायचं, नळ हळूहळू तापू द्यायचा आणि मगच व्हॉल्व्ह आणखी उघडायचा. घाईच्या पाळीतही आजोबा हे काम कुणाला उरकू देत नसत. "लोखंडालासुद्धा उठायला वेळ लागतो," असं म्हणायचे.

ही सवय त्यांनी घरी आणली. तवा मंद आचेवर तापलाच पाहिजे. गिझर सुरू केल्याबरोबर नळ सोडायचा नाही. सकाळी चहा होण्यापूर्वी त्यांना कुठलीही महत्त्वाची बातमी सांगायची नाही. आणि आमची पहिली जुनी गाडी चोक ओढून, पार्किंगमध्ये उभी ठेवून, हलका हलका पाय देत चांगली तापवल्याशिवाय ते फाटकाबाहेर काढत नसत. त्या काळच्या गाडीला ते मानवतही होतं. तुमचे बाबा लहान असताना शाळेचं दप्तर घेऊन मागच्या सीटवर बसून राहायचे आणि "बाबा, घंटा झाली असेल" म्हणून रडकुंडीला यायचे. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल.

आता कोलशेतच्या या घराबद्दल. नोकऱ्या संपल्यावर आम्ही आत्याबरोबर इथे राहायला आलो. इमारतीच्या पोटाखाली, खांबांच्या मध्ये, गाड्या लागतात. त्यावर लगेच पहिला मजला. आत्याची गाडी तिसऱ्या खांबाशी उभी असते. तुम्ही फोटोत पाहिली आहे, राखाडी रंगाची, बुटकी. रस्त्यात कुणी वळूनही बघणार नाही अशी. पण आत इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो आहे, चाकं रुंद आहेत, आणि महिन्यातून एकदा कल्याणच्या पलीकडे एका मोकळ्या मैदानावर केशरी शंकू मांडून जी स्पर्धा होते, तिच्यात आत्या ती पळवते. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि कुणाला किती वेळ लागला ते मोजतात. आठवडाभर बँकेचं संगणकाचं काम करणारी माझी मुलगी रविवारी डोक्याला हेल्मेट लावते, याची मला सवय व्हायला काही वर्षं लागली. आजोबांना एक दिवसही लागला नाही.

त्यांच्या पायाचं दुखणं मात्र आम्हाला फार उशिरा कळलं, कारण ते दुखत नव्हतं. साखरेचा आजार जुना. हळूहळू उजव्या तळपायातली जाण गेली. एकदा ते वरून खाली वॉचमनशी बोलायला गेले आणि एकाच पायात चप्पल घालून परत आले. दुसरी जिन्यात होती आणि त्यांना पत्ता नव्हता. डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टोचला. "काका, लागलं की हो म्हणा." आजोबा शांत पडून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "हं डॉक्टर, करा सुरू."

डॉक्टर म्हणाले, "काका, झालं."

गाडी चालवणं त्याच दिवशी बंद झालं. ब्रेकवर पाय किती पडला हे ज्याला कळत नाही त्याने रस्त्यावर जायचं नाही, हे सांगायला डॉक्टरांनाही वाईट वाटत होतं. आजोबांनी वाद घातला नाही. स्वतःची गाडी त्यांनी महिन्याच्या आत काढून टाकली. विकत घ्यायला आलेल्या माणसाला बॉनेट उघडून सगळं समजावून दिलं, आणि त्याने फाटकाबाहेर जाताना दुसऱ्या गिअरला जरा खेचली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "शिकेल."

त्यानंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं. आत्याला कामासाठी पुष्कळदा सोमवार ते शुक्रवार बंगळुरूला जावं लागे. गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, म्हणून रोज सकाळी खाली जाऊन ती सुरू करायची, तापवायची आणि बंद करायची, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. आत्याने एकदा फोनवर सांगितलंही होतं, "बाबा, नाही केली तरी चालेल." त्यावर ते म्हणाले, "चालेल काय, मी रिकामाच आहे."  सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खुंटीवरची किल्ली घेऊन ते खाली जात. पाळीला निघाल्यासारखे. परत आले की नाश्ता नीट करत. मुलांनो, म्हातारपणी माणसाला सकाळी शर्ट घालायला कारण लागतं. ते काम गेलं तर त्यांच्यासाठी काय उरेल हे मला दिसत होतं, म्हणून पुढचं सगळं मला अवघड गेलं.

आधी लिफ्टमध्ये टोमणे सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काय काकू, मुलगी अगदी सकाळी सकाळी रेस लावते."

मी म्हटलं, "ती बंगळुरूला आहे."

"मग गाडी एकटीच लावते का?"

त्यानंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासकट निरोप आला की पार्किंगमध्ये कृपया इंजिनाचा आवाज वाढवू नये. नाव कुणाचं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. आणि मग पहिल्या मजल्यावरची मुलगी स्वतः वर आली. बाळंतपणाहून नुकतीच सासरी परतली होती. तिची खोली बरोबर तिसऱ्या खांबाच्या वर. फार अवघडून म्हणाली, "काकू, राग मानू नका. बाळ आत्ता कुठे पहाटे झोपतं आणि त्या आवाजाने दचकून उठतं. ताईंना जरा सांगाल का?"

मी आजोबांना तिचं म्हणणं सांगितलं. ते चिंतेत पडले, पण वेगळ्याच. "मी म्हणतच होतो. हल्ली ती फार आवाज करते. नुसती सुरू केली तरी किंचाळते. आतमध्ये काहीतरी बिघडलंय. आली की तिला सांगितलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर खाली गेले. गाडीच्या उघड्या दाराशी उभी राहिले. त्यांनी गिअर न्यूट्रल आहे का ते दोनदा हलवून पाहिलं, क्लच दाबला, गाडी सुरू केली. ती नेहमीसारखीच सुरू झाली. मग त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, त्यांच्या मते अगदी हलका. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सरसर वर गेला. खांबांमधून असा आवाज घुमला की वॉचमन खुर्चीतून उठला. आजोबांचा चेहरा शांत होता. कान देऊन ऐकत होते, रोग ओळखू पाहणाऱ्या वैद्यासारखे. माझी नजर खाली गेली. त्यांची चप्पल पेडलवर होती, आणि पेडल जवळजवळ तळाला टेकलं होतं.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "हे असं."

मी "हो" म्हटलं. 

शनिवारी आत्या घरी आली तेव्हा आजोबा फिरायला गेले होते. मी तिला सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"इंजिनाला काय होतं याने?" मी विचारलं.

"थंड इंजिनाला सगळ्यात वाईट हेच, आई. आतलं तेल रात्रभर खाली बसलेलं असतं, फ्रीजमधल्या तुपासारखं घट्ट. ते वर चढून सगळीकडे पोचायच्या आधी एवढं पळवलं तर लोखंडावर लोखंड घासतं. आणि तो टर्बो. त्याचा दांडा तेलावरच तरंगतो. तेल नाही तर तो कोरडा फिरतो." मग ती म्हणाली, "पण इंजिनाचं नंतर बघू. एखाद्या दिवशी गिअर पडलेला राहिला आणि समोरून कुणी जात असलं तर?"

"मग सांगायचं कसं?"

"तू सांगशील?"

"मी सांगितलं तर ते माझ्याशी वाद घालतील. तुझ्याशी घालणार नाहीत."

"म्हणजे वाईट व्हायचं मी."

"तू इंजिनाची मालकीण आहेस," मी म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं खाली गेलो. आजोबा चालकाच्या जागी, आत्या शेजारी, मी परत दाराशी. आत्याने आडून सुरुवात केली. तिला वाटलं असावं की पायाचा विषय न काढताच जमेल.

"बाबा, खरं म्हणजे या गाड्या उभ्या उभ्या तापवायच्याच नसतात. सुरू करायची, क्षणभर थांबायचं, आणि हळू चालवायला लागायचं. तेल चालतानाच लवकर तापतं. नुसती उभी ठेवली की पेट्रोल नीट जळत नाही, काजळी धरते."

"लोड न देता तापवणं हे मूळ तत्त्व आहे," आजोबा म्हणाले. "आम्ही बॉयलरच्या थंड लाइनीवर कधी लोड दिला नाही."

"बाबा, तुमची लाइन जागच्या जागी असायची. गाडीचा गिअरबॉक्स, टायर, ब्रेक, सगळंच तापायला हवं. ते उभ्याने कसं तापेल?"

"म्हणजे मी इतके दिवस चूक करत होतो?"

"चूक नाही. जुन्या गाडीचं बरोबर होतं."

"बरं, पण आधी हिचा आवाज ऐक. मग तत्त्वज्ञान सांग." आणि त्यांनी गाडी सुरू करून पाय ठेवला.

काटा वर गेला. आत्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाजावर मात करून म्हणाली, "बाबा, पाय उचला."

"उचललाय," आजोबा म्हणाले.

इंजिन तसंच ओरडत होतं. त्यांनी आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मग खाली वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तो पाय पेडलवर होता. दुसऱ्या कुणाचा असावा तसा. आत्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

वर पहिल्या मजल्यावर बाळ रडायला लागलं होतं.

आजोबांनी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय पेडलवरून उचलला आणि बाहेर ठेवला. "गाडी बरी आहे तर," ते म्हणाले. त्यानंतर किल्ली काढून त्यांनी आत्याच्या तळहातावर ठेवली. "ही तुझ्याकडे ठेव."

मला वाटलं ते वर घरी येतील. ते पहिल्या मजल्यावर थांबले आणि त्यांनी बेल वाजवली. त्या मुलीच्या सासूने दार उघडलं. आजोबा उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, "तो आवाज मी करत होतो. माझी मुलगी नव्हे. ती तर तेव्हा गावातही नसते. पायाला कळत नाही माझ्या. आता होणार नाही."

ती बाई भली. म्हणाली, "अहो, आत तरी या, बाळ बघून जा. सगळी सोसायटी उठली तरी चालेल, पण हा उठला की आमचं काही खरं नाही." त्यांनी आत जाऊन बाळ पाहिलं, चहा मात्र घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आवडले नाहीत. आत्याने गाडीत बॅटरी जपणारं एक छोटं यंत्र लावलं आणि मेकॅनिककडून इंजिन तपासून घेतलं. तेल बदललं, बाकी सगळं शाबूत निघालं. तुमच्या बाबांना तिने फोनवर हे गमतीने सांगितलं, आणि तिथूनच ते 'उडवलं' तुमच्यापर्यंत आलं असणार. आजोबा सकाळी उठून बनियनवर बसून राहत. दाढी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. वर्तमानपत्र उघडं असे, पान उलटत नसे. मी म्हटलं, "अहो, खाडीपर्यंत तरी जाऊन या." ते म्हणाले, "पायाचा भरवसा नाही." आधी ते असं कधी म्हणत नसत. चप्पल हरवली होती तेव्हाही म्हणाले नव्हते.

मैदानावरच्या स्पर्धेचा रविवार आला. आदल्या संध्याकाळी आत्या त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर चला."

"मी काय करू तिथे?"

"तिथे नाही, इथून जाताना. मला एकटीला धीर नसतो. पाण्याचा काटा मधोमध आला की मला वाटतं तापली, आणि पाय जातो. तेल तेव्हा निम्मंही तापलेलं नसतं. तेलाची वेगळी डायल बसवली आहे, तुमच्या बाजूला वळवून ठेवते. ऐंशी अंश होईपर्यंत मी मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या वर जाणार नाही. झालं की तुम्ही सांगायचं."

"तुला स्वतःला दिसत नाही का डायल?"

"रस्त्याकडे बघू की डायलकडे? तुमच्या बॉयलरवर शिफ्ट इंजिनिअरने सांगितल्याशिवाय वाफ कोणी सोडायचं का?"

"मला बरं वाटावं म्हणून हे काढलंयस," आजोबा म्हणाले.

"थोडं त्याच्यासाठी," आत्या म्हणाली. "आणि थोडं इंजिनासाठी. ते फार महाग आहे."

ते हसले नाहीत. पण सकाळी दाढीचा आवाज आला.

मी मागच्या सीटवर होते, गुडघे समोरच्या पाठीला टेकलेले, मांडीवर थालीपिठाचा डबा. आत्याने गाडी सुरू केली, जरा थांबली, आणि अशी अलगद बाहेर काढली की वॉचमनने सलाम केला. कोलशेतच्या रस्त्याने आम्ही रिक्षापेक्षा हळू चाललो होतो. वळणावर कोळणी पाट्या घेऊन वाहनाची वाट बघत होत्या. त्यांतली एक खिडकीतून आजोबांना म्हणाली, "काय ओ बाबा, वरात निंगाली का?"

"नवरी गाडी चालवतेय," आजोबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी कुणाला असं उत्तर दिलं होतं.

माजिवड्याला पुलाखाली मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवून थकला आणि शेजारी येऊन म्हणाला, "मॅडम, ढकलू का?" आत्याचे कान लाल झाले. रेसच्या गाडीत बसून असं ऐकणं सोपं नसतं. पाण्याचा काटा तोवर मधोमध आला होता. तिने तिरक्या नजरेने आजोबांकडे पाहिलं.

"पाणी झालं," आजोबा म्हणाले. "तेल नाही. पन्नास."

"बाबा, थोडंसं."

"थोडंसं असं काही नसतं. चाल अशीच."

पूल मागे पडला, खाडी ओलांडली, भिवंडीच्या बाजूची गोदामं सुरू झाली. ते डायलकडे असे बघत होते की रस्त्यात काय काय गेलं ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मधूनच नुसता आकडा सांगत. साठ. सत्तर. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, अगदी साध्या आवाजात, "आता दे." आत्याने पाय दिला. माझं डोकं मागे टेकलं आणि तो टेंपो, जो केव्हाचा पुढे गेला होता, आमच्या मागे राहिला. आजोबा मागे वळून टेंपोवाल्याला हात करतील असं मला वाटलं. त्यांनी केला नाही. पण तसा विचार त्यांच्या मनात आला होता हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

मैदानावर मंडप होता, खुर्च्या होत्या, आणि वेळ फार जात होता. रांगेत उभ्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवायची असा तिथला नियम. आधीच्या कुणाची तरी गाडी शंकूंमध्ये बंद पडली, ती ओढून नेईपर्यंत सगळे ताटकळले. आत्याचा नंबर आला तेव्हा तिची गाडी कितीतरी वेळ थंड होत उभी होती. ती हेल्मेट घालून बसली आणि तिने गाडी सुरू केली. आजोबा माझ्या हाताला धरून, खाली बघत बघत, पाऊल टाकत तिच्या खिडकीशी गेले आणि आत वाकले.

"पंचेचाळीस," ते म्हणाले. "नको."

पिवळं जाकीट घातलेला तिथला माणूस शिट्टी गळ्यात घालून आला. "ताई, चला चला, नंबर आलाय तुमचा."

आत्याने हेल्मेटची काच वर केली. "थोडा वेळ मिळेल का? तेल गार झालंय."

"वेळ नाय होणार. आत्ता जाता की लास्टला टाकू?"

सगळे असेच जातात, मुलांनो. आधीच्या तिघांपैकी कुणीही डायल पाहिली नव्हती. शेवटी जाणं तोट्याचं असतं, कारण तोवर वरची घट्ट माती सुटून खाली भुसभुशीत उरते आणि चाकं घसरतात. आत्याला त्या दिवशी पहिल्या तिघांत येण्याची आशा होती, हे मला माहीत होतं. आजोबांनाही ते माहीत होतं, म्हणून ते खिडकीवरचा हात काढून घेऊन मागे सरले. म्हणाले, "बघ बाई. तुझं तू बघ."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाली, "लास्टला टाका."

"नक्की? लास्टला माती पार सुटलेली असते."

"आमचे इंजिनिअर नाही म्हणतात," आत्या म्हणाली.

त्याने आजोबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्यांच्या चपलांपर्यंत, आणि खांदे उडवून पुढच्या गाडीला बोलावलं.

मंडपामागे मोकळी पट्टी होती. आत्याने आजोबांना शेजारी बसवलं आणि त्या पट्टीवर ती हळू हळू येरझारा घालत राहिली, दुसऱ्या गिअरमध्ये, बैल फिरवावा तशी. मी खुर्चीत बसून बघत होते. काचेतून दोघांची डोकी दिसत होती. बोलत होते की नाही ते कळत नव्हतं. शेवटची गाडी सुटायच्या जरा आधी ते उतरले आणि माझ्याजवळ येऊन बसले. 

"ऐंशी झाले. दिलं सोडून," ते म्हणाले.

आत्या गेली. मला त्यातलं काही कळत नाही. धूळ उडाली, गाडी शंकूंभोवती कलली, मागची चाकं दोनदा भलतीकडे गेली आणि परत आली. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. तिचा नंबर पाचवा आला.

 परतताना भिवंडी मागे पडल्यावर आजोबा म्हणाले, "माझ्यामुळे नंबर गेला तुझा."

"पुढच्या महिन्यात परत स्पर्धा आहे, बाबा. इंजिन दर महिन्याला कुठून आणू?"

"पण दुसरे सगळे तसेच गेले."

"त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही," ती म्हणाली, आणि मग, थोडी चिडूनच, "आणि आता रडू नका, मला रस्ता बघायचाय."

"कोण रडतंय? धूळ गेली डोळ्यात."

"काचा बंद होत्या," मी मागून म्हटलं. त्यावर दोघंही हसले.

एवढंच झालं. तुमच्या बाबांना तेवढं समजावून सांगा की आजोबांनी इंजिन उडवलं नाही. त्या दिवशी त्यांनी ते सांभाळलं, आणि आत्याने त्यासाठी तिसरा नंबर सोडला. आता स्पर्धा असो नसो, रविवारी सकाळी ती त्यांना घेऊन निघते. कधी माजिवड्यापर्यंत, कधी कल्याणपर्यंत, एकदा मोहन्याला जाऊन कारखान्याच्या बंद फाटकासमोरून परत आले. मी प्रत्येक वेळी जात नाही, माझे गुडघे आता त्या मागच्या सीटवर मावत नाहीत.

तळपायाची जाण परत आलेली नाही, येणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. डाव्या पायाचीही आता कमी झाली आहे. जिन्यात ते कठडा धरतात आणि पायरी बघून उतरतात. गाडी आहे, इंजिन चांगलं आहे. रविवारी ते शर्ट घालून तिच्यात आत्याच्या शेजारी बसतात, आणि ते सांगेपर्यंत आत्या वेग वाढवत नाही.